चोर्ल्याची चढण आणि पेट्रोलचा दाब

बेळगावहून गोव्यात उतरायच्या वाटा तशा तीन. लोंढ्यावरून अनमोड, शिनोळीवरून आंबोली आणि जांबोटीवरून चोर्ला. तिघींचे स्वभाव वेगळे. अनमोड लांबचा, पण मोठ्या गाड्यांच्या सोबतीचा. आंबोलीत पावसाळ्याच्या रविवारी धबधब्यापाशी माणसांचीच इतकी दाटी होते की गाडीने पुढे सरकायचे कसे हा प्रश्न पडावा. चोर्ला त्यातल्या त्यात जवळचा. ज्यांच्या लेकीसुना, मामामावश्या अर्ध्या इकडे आणि अर्ध्या तिकडे आहेत, त्यांचा तर हा घरचाच रस्ता. जाताना कुंद्याचा डबा न्यायचा, येताना खाजे, सोलं आणि काजू आणायचे, हा व्यवहार पिढ्यान् पिढ्या चालू आहे.

या रस्त्याची एक गंमत नेहमीच्या प्रवाशालाही चटकन लक्षात येत नाही. बेळगाव मुळातच पठारावर वसलेले. पिरनवाडी सोडली, किणये मागे टाकले, कुसमळीला मलप्रभा ओलांडली आणि जांबोटीला चहा घेतला, तरी आपण उंचीवरच असतो. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी, जिथे मलप्रभा उगम पावते, तिथेही रस्ता झाडीतून वरखाली डुलत राहतो. चोर्ला गाव समुद्रसपाटीपासून आठशे मीटरच्या आसपास. खरा घाट त्याच्या पुढे सुरू होतो आणि अंजुणे धरणाचे पाणी डोळ्यांत साठवत आपण एकदम केरीला, सत्तरीच्या दमट उन्हात येऊन पडतो. म्हणजे बेळगावच्या गाडीला जाताना चढण अशी नाहीच. इंजिनाला काम नाही, काम ब्रेकला. घाटाची परीक्षा परतीच्या वाटेवर. तीही अवघड. खाली उकाडा, इंजिन आधीच तापलेले, गाडीत माणसे आणि सामान भरलेले, आणि सहा-सातशे मीटरची सलग चढण. गावात महिनोन् महिने गोडीगुलाबीने चालणारी गाडी केरीनंतरच्या वळणांवर आचके देऊ लागते ती यामुळेच.

पूर्वी अशा गाड्या ओळीने उभ्या दिसत. अँबॅसिडर, फियाट, जुन्या मारुती. बॉनेट वर, आणि कुणीतरी ओले फडके घेऊन वाकलेले. त्या फडक्याला अर्थ होता. त्या गाड्यांचा पेट्रोलपंप इंजिनालाच चिकटवलेला असे आणि मागच्या टाकीतून तो पेट्रोल ओढून घेई. पेट्रोलमधले हलके घटक चाळीस अंशांच्या आतबाहेरच उकळू लागतात. तापलेल्या इंजिनाजवळ नळीत वाफ धरली की पंप नुसती वाफ पिळत बसे, कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल पोहोचत नसे आणि गाडी बसे. ओले फडके पंपावर ठेवून दहा मिनिटे गप्पा मारल्या की वाफेचे पुन्हा पेट्रोल होई. कितीतरी सोयरिकींचा विषय या दहा मिनिटांत निघाला असेल!

२००० च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले, कार्ब्युरेटर गेले आणि इंजेक्टर आले. पंप इंजिनावरून उठून थेट टाकीत जाऊन बसला, पेट्रोलमध्ये बुडून. आता तो ओढत नाही, ढकलतो. दाबाखाली असलेले पेट्रोल सहजासहजी उकळत नाही, म्हणून वाफेची तक्रार जवळजवळ संपली. ओल्या फडक्याचा संस्कार मात्र गेलेला नाही. अजूनही बंद पडलेल्या नव्या गाडीच्या इंजिनावर बाटलीभर पाणी ओतणारे महाभाग घाटात भेटतात. त्याने पंप थंड होत नाही, कारण तो तिथे नाहीच. उलट कॉइल आणि वायरींत पाणी शिरून दुसरे दुखणे मागे लागते.

माझी धाकटी बहीण म्हापशाला दिली आहे आणि आमची आई बेळगावात शहापूरला. मेहुण्यांची गाडी सात वर्षांची, पेट्रोलवरची, छोटी. मागच्या वर्षी ती घाट चढताना तीन वेळा बंद पडली. दोनदा दिवसाउजेडी आणि तिसऱ्यांदा दिवेलागणीला, ऐन वळणावर. मागून ट्रक येत होता. इंजिन बंद पडले की ब्रेकला मिळणारी मदत थांबते. एकदोनदा पायाला नेहमीसारखे वाटते, मग पेडल दगडासारखे होते आणि स्टिअरिंगही जड येते. गाडी हातभर मागे सरकली, मागे दोन लहान मुले. मेहुण्यांनी हॅन्डब्रेक ओढून आणि पहिला गिअर टाकून ती धरली. दहा-पंधरा मिनिटांनी चावी फिरवली तर काहीच न झाल्यासारखी सुरू! त्या दिवसापासून बहिणीने घाट बंद केला. आईचे डोळ्याचे ऑपरेशन झाले तेव्हा ती बसने आली, एकटी. मुलांनी आजीला चार महिने पाहिले नाही.

मधल्या काळात गाडीवर खर्च चालूच होता. एका गॅरेजात प्लग बदलले, पुढच्या खेपेला कॉइल बदलली, मग थ्रॉटल साफ झाला, मग कसलासा सेन्सर. प्रत्येक वेळी गाडी गावात फिरवून बघितली जाई आणि ती छान चाले. चालणारच! गावात तिला ओझे कुठे होते? प्रत्येक बिलावर ‘काम पूर्ण’ असे लिहिलेले, आणि घाटात पुन्हा तेच.

इथे मला आपल्या गावाचे नवल वाटते. बेळगाव म्हणजे फाउंड्रीचे आणि यंत्रकामाचे गाव. उद्यमबागेत हायड्रॉलिकचे पंप आणि व्हॉल्व्ह तयार होतात, तिथे दाब मोजल्याशिवाय कुणी माल हातावेगळा करत नाही. त्याच गावातल्या कितीतरी गॅरेजांत मात्र पेट्रोलचा दाब मोजायचा साधा गेज नसतो. असला तरी कपाटात असतो. वस्तू बदलून बघायची, बरी झाली तर तीच बिघडली होती असे म्हणायचे, ही पद्धत.

शेवटी गाडी गेली ती उद्यमबागेकडच्या एका वयस्कर मेस्त्रींकडे. घरी कन्नड, धंद्यात मराठी, आणि रागावले की दोन्ही. त्यांनी बॉनेट उघडलेच नाही. खुर्ची ओढली आणि मेहुण्यांना विचारू लागले.

“बंद पडली म्हंजे कशी पडली ओ? बटण दाबल्यासारखी, का दम लागून?”

“दम लागून. आधी आचके दिले, पाय दाबला तरी ओढेना, मग बंद.”

“घाटात चढल्याबरोबर, का थोडं वर गेल्यावर?”

“पाच-सहा वळणं गेल्यावर.”

“आणि पेट्रोल ऐतेनरी त्या वेळेला? किती होतं?”

मेहुणे थोडे घुटमळले. तिन्ही वेळा काटा तळाशी टेकत आलेला होता.

“मग ह्यो प्लगचा आजार नव्हं,” मेस्त्री म्हणाले. “प्रेशर इल्री.”

या प्रश्नांत अर्धे निदान झाले होते, म्हणून ते जरा सांगतो. ठिणगी देणारी यंत्रणा किंवा इंजिनाच्या फिरण्याची खबर देणारा सेन्सर तापून रुसला तर गाडी बहुधा दिवा मालवावा तशी पटकन जाते. टॅकोमीटरचा काटा, असेल तर, धाडकन खाली पडतो. पेट्रोल अपुरे पडत असेल तर ती आधी कुरकुरते. सपाटीवर ठीक, चढावर मलूल, पाय जास्त दाबला की आणखीच मलूल. पाय उचलल्यावर, उतारावर किंवा सिग्नलला येऊन थांबताना बंद पडत असेल, तर संशय थ्रॉटलच्या घाणीवर किंवा हवेच्या मार्गावर घ्यावा. घाट चढताना कुठे, उतरताना कुठे, किती वेळाने, ही नोंद ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे फुकटातला अर्धा तपासणी-अहवाल असतो.

आता दाब म्हणजे काय? आपल्या नळाच्या पाण्याचाच हिशेब. खालच्या मजल्यावर एक तोटी उघडली तर धार जोरदार येते. घरातल्या सगळ्या तोट्या एकदम उघडल्या की वरच्या मजल्यावर नुसते थेंब. गाडी जागेवर उभी असताना इंजिन पेट्रोल पिते ते एका तोटीइतके. घाट चढताना सगळ्या तोट्या उघडलेल्या असतात. इंजेक्टर असलेल्या पेट्रोल गाड्यांत हा दाब साधारण ३ ते ४ बार, म्हणजे ४३ ते ५८ पीएसआयच्या दरम्यान असतो. नेमका आकडा त्या त्या गाडीच्या सर्व्हिसच्या पुस्तकात असतो. इंजेक्टर किती वेळ उघडायचा हे गाडीचा संगणक याच दाबाच्या भरवशावर ठरवतो. दाब पडला की तेवढ्याच वेळात पेट्रोल कमी जाते, मिश्रण पातळ होते आणि इंजिन आचके देते. साध्या गाड्यांत हा दाब मोजणारा सेन्सर नसतो, त्यामुळे गॅरेजातला स्कॅनर लावून आकडा दिसत नाही. संगणक पेट्रोल वाढवायची धडपड करतो आहे, एवढाच सुगावा त्यात लागतो. आकडा हवा तर गेजच लावावा लागतो.

मेस्त्रींनी पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू ठेवले. नळीतले पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडले, तेव्हाच नळी सोडवली. दाबाखालची नळी तशीच उपसली तर पेट्रोल तापलेल्या इंजिनावर फवारते, म्हणून हे काम घरी करू नये आणि रस्त्याच्या कडेला तर नाहीच. गेज लावून चावी फिरवली: ३ बार. इंजिन चालू: ३ बार. पाय दाबला: किंचित हलला, पुन्हा ३. दहा मिनिटे बंद ठेवूनही काटा फारसा उतरला नाही, म्हणजे कुठे गळती नाही. दुसरा कुणी असता तर इथे ‘पंप ओके’ म्हणून मोकळा झाला असता.

मेस्त्री म्हणाले, “घाट इथं आणता येत न्हाई. आपणच जायचं.”

गेजला लांब नळी होती. ती बॉनेटच्या फटीतून बाहेर काढून गेज पुढच्या काचेवर, वायपरखाली बांधला. मागची सीट उचलून, टाकीच्या झाकणावरच्या पंपाच्या वायरींना दोन तारा गॅरेजातच जोडल्या आणि त्या मल्टिमीटरला आणल्या. मीटर हातात घेऊन मेस्त्रींचा पोरगा मागे बसला. अशा थाटात आम्ही चौघे जांबोटी, कणकुंबी करत केरीला उतरलो. दुपारचे दोन, एप्रिल महिना. गाडी वळवली आणि चढायला लागलो.

पहिली वळणे काटा ३ वर. धरणाचे पाणी डाव्याउजव्या बाजूला दिसत-लपत होते, त्याच्याकडे कुणाचे लक्ष नाही. चौघांचेही डोळे वायपरखाली. पाचव्या वळणाशी काटा २.८, मग २.४. पोरगा मागून ओरडला, “अकरा व्होल्ट!” गाडीने पहिला आचका दिला तेव्हा काटा २ च्या खाली होता आणि मागे मीटरवर साडेदहा. मेस्त्रींनी रुंद जागा बघून गाडी बाजूला घ्यायला लावली. पुढे बॅटरीवर मोजले तर १३.८ व्होल्ट. म्हणजे मधल्या वाटेत तीन व्होल्टांची चोरी होत होती.

“स्वल्प तडीरी,” म्हणत त्यांनी टाकीवरच्या कनेक्टरला बोट लावले आणि झटकन मागे घेतले. चटका बसला होता. प्लास्टिक तपकिरी होऊन वितळत आले होते, आतली एक पिन काळी. थंड असताना तिथून वीज नीट जाई. वीस मिनिटे सलग चालले की पिन तापे, तापली की अडथळा वाढे, पंपाला वीज कमी पडे आणि तो मंद फिरे. दहा मिनिटे गाडी उभी केली की पिन निवे आणि सगळे पुन्हा ठणठणीत. तीन महिने, चार बिले आणि एक बंद पडलेला रस्ता, कारण होते ते बोटाएवढे.

पण कनेक्टर मुळात जळला का, हा प्रश्न मेस्त्रींनी सोडला नाही. टाकीतला पंप काढला तेव्हा त्याच्या तोंडावरची जाळी आणि आतला फिल्टर गाळाने गच्च. अडलेल्या वाटेतून ढकलायचे म्हणून पंप जास्त वीज ओढत होता, आणि जास्त विजेने पिन तापत होती. नुसता पंप बदलला असता तर नवाही त्याच जळक्या पिनवर बसला असता. नुसती पिन बदलली असती तर वर्षाच्या आत तीही जळली असती. कनेक्टर, फिल्टर आणि टाकीची सफाई यांचे बिल आधीच्या एका कॉइलपेक्षा कमी झाले.

तळाला टेकलेल्या काट्याचाही यात वाटा आहे, आणि त्याचा संबंध आपल्या सरहद्दीशी आहे. तीन राज्ये, पेट्रोलचे तीन भाव. २०१२ मध्ये गोव्याने पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढून टाकला आणि लिटरमागे अकरा रुपयांच्या आसपास भाव उतरला, तेव्हा टाकी रिकामी करत गोव्यात उतरायचे आणि काठोकाठ भरून परतायचे ही सवय कित्येकांना लागली. ती स्वस्ताई पुढे राहिली नाही, सवय राहिली. पलीकडे दोन रुपये कमी आहेत म्हणून रिझर्व्हचा दिवा लागेपर्यंत ओढणारे अजून पुष्कळ आहेत. टाकीतला पंप थंड राहतो तो भोवतीच्या पेट्रोलमुळे. पेट्रोल तळाला गेले की तो तापतो, तळाचा गाळ ओढतो आणि तीव्र चढावर उरलेले पेट्रोल एका बाजूला सरकले तर हवाही ओढतो. दोन रुपयांच्या लोभात किती हजारांचा पंप जातो ते ज्याने त्याने मांडून पाहावे.

इथेनॉलचेही बरेच बोलले जाते. २०२५ पर्यंत देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले. आपल्या ऊसपट्ट्याला त्याची अपूर्वाई नाही. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या त्यासाठी बनवलेल्या नसल्या तर त्या लवकर खराब होऊ शकतात, आणि इथेनॉल पाणी धरून ठेवते. पाणी थोडे असेल तर ते मिश्रणाबरोबर जळून जाते, प्रमाणाबाहेर गेले की थर वेगळा होऊन तळाशी बसतो, म्हणजे नेमका पंपाच्या तोंडाशी. कणकुंबीच्या पावसात गळके झाकण घेऊन फिरणाऱ्या जुन्या गाडीने हे ध्यानात ठेवावे. गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी फार रिकामी ठेवू नये. याहून जास्त बाऊ करायचे मला कारण दिसत नाही. मेहुण्यांच्या टाकीतला गाळ वर्षांचा होता.

गेज इतरही गोष्टी बोलतो. गाडी बंद करताच काटा झरझर उतरला तर पंपातला परतीचा व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर यांपैकी कुणीतरी दोषी. अशी गाडी सकाळी सुरू व्हायला वेळ घेते. जुन्या पद्धतीच्या गाड्यांत रेग्युलेटर इंजिनाजवळ असतो आणि त्याला एक बारीक रबरी नळी जोडलेली असते. ती काढल्यावर आत पेट्रोलचा ओलावा दिसला तर रेग्युलेटरचा पडदा फाटला समजावे. टाकीचे झाकण उघडताना जोराचा ‘सूं’ आवाज होऊन हवा आत जात असेल आणि नंतर गाडी नीट चालत असेल, तर टाकीत हवा जायची वाट बुजली आहे. हे तर पंपावर भरतानाही कळते.

डिझेलवाल्यांनी मात्र यातले काही स्वतः करू नये. नव्या डिझेल इंजिनात दाब शेकडो बारमध्ये, कित्येक गाड्यांत १६०० बारपर्यंत जातो. सैल केलेल्या जोडातून सुईसारखी निघालेली धार कातडी भेदून आत जाते. तिथे रेल प्रेशरचा सेन्सर असतोच, आकडा स्कॅनरवर पाहायचा. आपल्या हातात एवढेच की फिल्टर वेळेवर बदलायचा आणि त्यातले पाणी काढायचे.

घाटात बंद पडलीच तर काय करायचे, ते बहिणीने मेस्त्रींकडून स्वतः विचारून घेतले. ब्रेक एकदाच आणि घट्ट दाबून धरायचा, पंप केल्यासारखा पुन्हा पुन्हा नाही. हॅन्डब्रेक, पहिला गिअर, चारही दिवे लुकलुकते. चावी पूर्ण काढायची नाही, स्टिअरिंग अडकते. उतरून चाकामागे दगड, मुलांना डोंगराच्या बाजूला. तिथे फोनची रेंज मिळेलच असे नाही, म्हणून येणाऱ्या एखाद्या गाडीला हात करून चोर्ल्याला निरोप द्यायचा. मग इंजिन न फिरवता फक्त चावी ‘ऑन’ करायची आणि मागच्या सीटशी कान द्यायचा. बहुतेक पेट्रोल गाड्यांत दोन सेकंद बारीक घरघर ऐकू येते, पंप दाब भरून थांबतो. ती आलीच नाही तर फ्यूज, रिले, वायर किंवा पंप. आली तरी गाडी धडधाकट असे नव्हे, दुबळा पंपही घरघरतो. पण मेस्त्रींना फोनवर सांगायला एक पक्की गोष्ट हाती असते. आणि दगड चाकामागून काढून गाडी पुढे जाताना तो रस्त्यातच सोडायचा नाही. मागून येणारा दुचाकीवाला त्यावर आपटतो, हे मेस्त्रींनी दोन भाषांत सांगितले.

मे महिन्यात बहीण आली, गाडीने, मुलांसह. साखळीला अर्धी टाकी भरून घेतली होती. घाट चढताना मेहुण्यांनी म्हणे एसीसुद्धा बंद केला नाही. धाकट्याला आता नवीन काम मिळाले आहे. चावी फिरली की तो मागच्या सीटला कान लावतो आणि घरघर थांबल्यावर “बोलला!” म्हणून ओरडतो. त्याशिवाय गाडी सुरू करायची परवानगी नाही.